कोंबडी अडकली त्या मंगळवारी

मंगळवारी साडेसातला तळघरातली खोली उघडायची
हे माझं काम. हीटर आधी खोकतो, मग तापतो.
पाच खुर्च्या मांडायच्या, सहावी भिंतीला टेकवून ठेवायची,
कुणी नवं आलंच तर. सहसा येत नाही.

बाहेर सुपीरियर सरोवर गोठायच्या बेतात,
धान्यकोठारांचे रिकामे मनोरे काळोखात खेटून उभे.
नोव्हेंबरात थंडर बेला
दाखवण्यासारखं दुसरं काही नसतं.

सगळ्यात आधी आउने राइटाला, वय एक्याऐंशी,
वही ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेली.
सात वर्षं ती एकच पान लिहिते आहे:
सॉनाला आग लागली, आई बादली घेऊन धावली.
बस्स. पुढच्या मंगळवारी पुन्हा आग, पुन्हा बादली,
कधी पत्र्याची, कधी लाकडी.
आत कोण होतं, हे आम्ही कुणी विचारत नाही.

वासिल ह्रिन्चुक जुन्या वजनपावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितो.
चौतीस वर्षं गव्हाची धूळ खाल्लेला माणूस,
वाक्यंही दम लागल्यासारखी, चार-चार शब्दांची.
टेनील वाबास मोबाइलवर, एका अंगठ्यानं,
अंगात रात्रपाळीचा निळा गणवेश.
तिच्या कादंबरीत अजून एकही माणूस मेलेला नाही.
"कामावर पुरे होतात," म्हणते.
आणि गॉर्ड पेल्की, जो मुळात
उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड भरायला आला होता
आणि खाली कॉफी फुकट आहे असं कळल्यावर
राहिला, तो राहिलाच.

नियम दोन. वीस मिनिटं लिहायचं, मान वर नाही.
मग वाचायचं, आणि ऐकणाऱ्यानं "छान" म्हणायचं नाही;
कानात कोणता शब्द राहिला तेवढाच सांगायचा.
मिनिटं मोजते एक पिवळी प्लॅस्टिकची कोंबडी,
पोट पिळलं की टिकटिकणारी, वेळ झाली की किंचाळणारी,
कुणीतरी दानाच्या पुस्तकांत चुकून टाकलेली.

त्या मंगळवारी कोंबडी सातवर अडकली.
थांबलेलंही ऐकू येतं, हे तेव्हा कळलं.
मी तोंड उघडलं.
मिटलं.

वासिलची पावती संपली, दुसरी संपली,
त्यानं खिशातून किराण्याची यादी काढली, तिच्या मागं सुरू केलं.
टेनीलनं हात बदलला.
गॉर्ड ओठ हलवत होता, कॉफीवर साय धरलेली.
आणि आउनेनं पान उलटलं.

दिवसभर मी पानं उलटतानाच ऐकत असतो,
त्यावरच माझी भाकरी आहे.
तरी मी वळून पाहिलं.

साडेआठला वाचनालय बंद होतं.
आठ बावन्नला पहारेकरी जिना उतरून आला,
किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट, वाजू नये म्हणून,
आणि दारातच उभा राहिला.

मग आउनेनं वाचलं, बसचं वेळापत्रक वाचावं तसं.
आत योर्मा होता, धाकटा.
तो बाहेर आला. त्याला काही झालं नाही.
आईनं बादली त्याच्याच डोक्यावर ओतली
आणि आम्ही तिघं हसलो, बर्फात बसून, पोट दुखेपर्यंत.
पुढच्या पानावर मार्च होता, आणि सरोवरावरचा पातळ बर्फ,
म्हणून मी आगीतच थांबत होते.

हीटर खोकला.
"बादली," वासिल म्हणाला.
"हसलो," टेनील म्हणाली, आणि तिला उशीर झाला होता, ती उठली नाही.
गॉर्डला हा नियम कधीच धड जमत नाही,
तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "म्हणून."
मला कुणी विचारलं नाही. मी सभासद नाही.

सकाळी अहवालाचा कागद भरला.
उपस्थिती: चार.
उपक्रमाचा परिणाम: समाधानकारक, नेहमीसारखाच.
दुरुस्तीला द्यायच्या वस्तू, या रकान्यात
"कोंबडी" लिहिलं,
मग खोडलं.